काउंटरवर बिनचूक, कानाला घोगरा: जीपीएस संदर्भावरच्या एका स्टेशनचा प्रकरण अभ्यास

हौशी रेडिओच्या क्यूओ-१०० उपग्रहावर काम करणाऱ्या एका मुरलेल्या ऑपरेटरचं हे स्टेशन. डिश नीट रोखलेली, केबल आणि कनेक्टर चोख, बोलण्याची पद्धत शांत. तक्रार मात्र चक्रावून टाकणारी होती. जीपीएस रिसीव्हरमधून काढलेली १० मेगाहर्ट्झची संदर्भ फ्रिक्वेन्सी त्यांनी एलएनबीला, म्हणजे डिशवरच्या ग्राहक पेटीला, आणि पाठवायचा सिग्नल २.४ गिगाहर्ट्झवर चढवणाऱ्या अपकन्व्हर्टरला जोडली. फ्रिक्वेन्सी मोजणाऱ्या काउंटरवर शेवटच्या अंकापर्यंत शून्यं स्थिर झाली. आणि त्याच संध्याकाळपासून पलीकडचे ऑपरेटर सांगू लागले, "सिग्नल जोरदार आहे, पण घसा बसल्यासारखा येतोय." मोर्सचा टोन खरखरीत झाला. अरुंद डिजिटल मोड डीकोडच होईनात. त्याआधी साध्या क्रिस्टलवर फ्रिक्वेन्सी दिवसभर भटकायची, पण आवाज निर्मळ होता.

अचूकता आणि निर्मळता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जीपीएस रिसीव्हर यांतली फक्त पहिली देतो, तीही सावकाश. हे या प्रकरणाइतकं स्पष्ट मला दुसरीकडे कुठे दिसलं नाही, म्हणून ते सविस्तर मांडतो आहे.

संदर्भ हवाच कशाला

एसहेल-२ हा उपग्रह नोव्हेंबर २०१८ मध्ये अवकाशात गेला. २५.९ अंश पूर्वेला तो भूस्थिर कक्षेत आहे आणि त्याच्यावरच्या हौशी रेडिओच्या ट्रान्सपाँडरला, म्हणजे आलेला सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर परत पाठवणाऱ्या यंत्राला, क्यूओ-१०० म्हणतात. भूस्थिर कक्षेतला हौशींचा हा पहिलाच ट्रान्सपाँडर. अरुंद पट्ट्याच्या भागात आपण २,४०० मेगाहर्ट्झच्या आसपास पाठवतो आणि १०,४८९.५ ते १०,४९० मेगाहर्ट्झमध्ये ऐकतो. ऐकण्यासाठी टीव्हीच्या डिशवरचा साधा एलएनबी चालतो. त्यातला २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ३९० पट होऊन ९,७५० मेगाहर्ट्झचा स्थानिक ऑसिलेटर बनतो, आणि १०,४८९.७५० वरचा बीकन, म्हणजे उपग्रहावरून सतत येणारा खुणेचा सिग्नल, खाली ७३९.७५० मेगाहर्ट्झवर मिळतो.

गोम आहे ती या ३९० पटींत. क्रिस्टल दशलक्षात एक भाग सरकला की ९,७५० मेगाहर्ट्झवर तो सरक ९.७५ किलोहर्ट्झ होतो. एसएसबीचा, म्हणजे बोलण्याचा, सिग्नल जेमतेम २.७ किलोहर्ट्झ रुंद, म्हणजे एवढ्याशा सरकण्यात आपण तीन स्टेशनं ओलांडून चौथ्यावर पोचतो. छतावरच्या एलएनबीवर ऊन आलं, ढग आला, वारा सुटला, की साधा क्रिस्टल असे कित्येक दशलक्षांश हलतो.

फक्त क्यूओ-१०० ऐकायचा असेल तर जीपीएसची गरजच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. एसडीआर, म्हणजे संगणकावरच्या रेडिओचं, सॉफ्टवेअर बीकनवर लॉक होतं आणि एलएनबीची सगळी भटकंती आपोआप वजा करतं. या ऑपरेटरची गरज मात्र वेगळी होती. त्यांना हाच संदर्भ पुढे १०,३६८ मेगाहर्ट्झवर जमिनीवरच्या संपर्कांसाठी वापरायचा होता. तिथे दोन्ही बाजूंचे अँटेना अरुंद, सिग्नल क्षीण, आणि बीकन ऐकू येईलच याची खात्री नाही. समोरचा नेमका कुठे आहे हे ठाऊक नसेल तर दिशा आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही एकदम शोधत बसावं लागतं, आणि बरेच संपर्क तिथेच हुकतात.

पहिली पाहणी

त्यांची मांडणी अशी होती. एक छोटा जीपीएस मॉड्यूल, ज्याची टाइमपल्स हवी ती फ्रिक्वेन्सी देईल अशी प्रोग्रॅम करता येते. ती १० मेगाहर्ट्झवर ठेवलेली. तिच्यापासून २५ मेगाहर्ट्झ बनवणारी एक क्लॉक चिप, आणि तिथून दोन फाटे: एक एलएनबीकडे, एक अपकन्व्हर्टरकडे.

आवाज घोगरा म्हटल्यावर सगळ्यांचा संशय आधी ट्रान्समीटरवर गेला होता. माइकमध्ये आरएफ शिरतोय का, पॉवर अँप्लिफायरचा पुरवठा डळमळतोय का, कॉम्प्रेसर जास्त झालाय का, यात बराच वेळ गेला होता. मी पहिल्यांदा विचारलं ते एवढंच, "बीकन कसा दिसतो?" तो आपण पाठवत नाही. तो खराब दिसला तर दोष ऐकण्याच्या बाजूलाही आहे, आणि दोन्ही बाजूंना सामाईक गोष्ट एकच, संदर्भ.

वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावरच्या सिग्नलांच्या चित्रात, बीकनच्या दोन्ही बाजूंना कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उभ्या होत्या, मधला भाग पसरट. मग मूळ क्रिस्टल असलेला तसाच दुसरा एलएनबी लावला. बीकन हळूहळू एका बाजूला सरकत होता, पण स्वच्छ दिसत होता, कडा रेखीव. ट्रान्समीटरवरचा संशय तिथेच मिटला.

ऑपरेटरना हे पटायला वेळ लागला, आणि त्यांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. "अहो, काउंटर पाहा ना. दहा दशलक्षावर एकही अंक हलत नाही. याहून शुद्ध संदर्भ कुठून आणायचा?" काउंटरही खोटं बोलत नव्हता. काउंटरचं गेट एक सेकंदाचं होतं. एका सेकंदात किती आवर्तनं झाली तेवढं तो मोजतो. ती आवर्तनं सेकंदभरात कशी वाटली गेली, हे त्याला कळत नाही.

शंभर नॅनोसेकंद मावत नाहीत

ऑसिलोस्कोपवर १० मेगाहर्ट्झचा आउटपुट पाहिला आणि ट्रेस काही काळ साठू दिला, तेव्हा खरं चित्र समोर आलं. पुढची कड एका जागी येत नव्हती. ठरावीक अंतरावरच्या वेगवेगळ्या जागी येत होती, आणि ते अंतर सुमारे २१ नॅनोसेकंद होतं.

या जातीच्या रिसीव्हरचं आतलं घड्याळ ४८ मेगाहर्ट्झचं असतं. त्याचा एक टिक २०.८३ नॅनोसेकंदांचा. बाहेर जाणारी प्रत्येक कड कुठल्या तरी टिकवरच पडू शकते, मधे नाही. १० मेगाहर्ट्झचं आवर्तन १०० नॅनोसेकंदांचं, आणि १०० ला २०.८३ ने पूर्ण भाग जात नाही. मग रिसीव्हर चार आवर्तनं पाच-पाच टिकांची काढतो, १०४.१७ नॅनोसेकंदांची, आणि पाचवं चार टिकांचं, ८३.३३ चं. बेरीज बरोबर ५०० नॅनोसेकंद. सरासरी तंतोतंत, पण एकही आवर्तन १०० चं नाही.

एवढंच असतं तर फारसं बिघडलं नसतं. हा नमुना ५०० नॅनोसेकंदांनी पुन्हा येतो, त्यामुळे त्याचे उपसिग्नल, म्हणजे बाजूला उमटणारे नको असलेले सिग्नल, २ मेगाहर्ट्झ दूर पडतात आणि फिल्टरने मारता येतात. खरा त्रास पुढे आहे. आतलं घड्याळ नेमकं ४८ मेगाहर्ट्झचं नसतंच. तो एक साधा टीसीएक्सओ (तापमानाचा परिणाम भरून काढणारा क्रिस्टल ऑसिलेटर), आपल्या मर्जीने चालणारा. त्याला कोणी ओढून जागेवर आणत नाही. तो किती चुकतोय हे रिसीव्हरला उपग्रहांवरून कळतं, आणि तो आउटपुटच्या कडा अधूनमधून एक टिक पुढे-मागे सरकवून हिशेब जुळवतो. या मॉड्यूलच्या संदेशांत ही चूक वाचता येत होती: दशलक्षात सुमारे अर्धा भाग, म्हणजे सेकंदाला ५०० नॅनोसेकंद. ५०० भागिले २०.८३, म्हणजे दर सेकंदाला २४ दुरुस्त्या.

आता हे ९,७५० मेगाहर्ट्झवर नेऊन पाहा. दोन दुरुस्त्यांच्या मधल्या काळात ऑसिलेटर दशलक्षात अर्ध्या भागाने चुकलेला असतो, म्हणजे जवळपास ४.९ किलोहर्ट्झने. मग एका टिकची दुरुस्ती येते. २०.८३ नॅनोसेकंदांत ९,७५० मेगाहर्ट्झची २०३ आवर्तनं होतात, आणि तेवढी आवर्तनं पीएलएलला, म्हणजे ऑसिलेटरला संदर्भामागे ओढणाऱ्या सर्किटला, एका झटक्यात भरून काढावी लागतात. २४ गुणिले २०३ म्हणजे ४,८७२. सेकंदभरात साठलेली चूक सेकंदभरात फिटली आणि काउंटरवर शून्यं आली. पण त्या सेकंदातल्या जवळजवळ कुठल्याही क्षणी पाहिलं तर सिग्नल आपल्या जागेवर नव्हता. घोगरा आवाज तो हाच, सेकंदाला चोवीस हिसके.

ऑपरेटरनी कागदावर हा गुणाकार स्वतः करून पाहिला आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतरचा प्रश्न अगदी नेमका होता: "मग ८ मेगाहर्ट्झ का काढायला सांगतात?" कारण ४८ भागिले ८ म्हणजे पूर्ण ६. लांब-आखूड आवर्तनांचा नमुना त्यामुळे जातो, दूरचे उपसिग्नल नाहीसे होतात. सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. सेकंदाच्या त्या चोवीस दुरुस्त्या ८ मेगाहर्ट्झवरही तशाच राहतात. हा आउटपुट लघुलहरींच्या रिगला (रेडिओ संचाला) किंवा काउंटरला चालून जातो. शेकडो पटींनी वर नेणाऱ्या साखळीच्या तोंडाशी तो थेट देऊ नये.

क्रिस्टल क्षणाचा, उपग्रह तासाचा

उपाय जुनाच आहे. चांगल्या ओसीएक्सओला, म्हणजे तापवलेल्या भट्टीत स्थिर ठेवलेल्या क्रिस्टल ऑसिलेटरला, काम करू द्यायचं आणि जीपीएसने त्याला अगदी हळू, लांबून शिस्त लावायची. यालाच जीपीएसडीओ म्हणतात. ओसीएक्सओ एका सेकंदात कमालीचा स्थिर असतो, पण दिवसेंदिवस म्हातारा होत सरकतो. जीपीएसची सेकंदाला एक येणारी पल्स, पीपीएस, एकेकटी पाहिली तर वीसेक नॅनोसेकंद इकडे-तिकडे असते, पण तिची चूक साठत जात नाही. दिवसभराच्या हिशेबात ती अणुघड्याळांइतकी खरी. दोघांमधली सीमारेषा कुठे आखायची, एवढाच प्रश्न उरतो. त्या रेषेला लूपचा, म्हणजे चूक मोजून दुरुस्त करत राहणाऱ्या साखळीचा, टाइम कॉन्स्टंट म्हणतात, आणि घरी बनवलेले बहुतेक जीपीएसडीओ इथेच गडबडतात.

त्यांनी १० मेगाहर्ट्झचा ओसीएक्सओ घेतला, मायक्रोकंट्रोलरवर एक तयार प्रोग्रॅम चढवला, आणि टाइम कॉन्स्टंट होता तसाच राहू दिला: दहा सेकंदांच्या घरात. हिसके थांबले, घोगरेपणा गेला. पण मोर्सचा टोन आता संथपणे वरखाली होऊ लागला. हिशेब सरळ आहे. पल्समध्ये २० नॅनोसेकंदांची अनिश्चितता, ती दहा सेकंदांत दुरुस्त करायला गेलं तर अब्जात दोन भागांची ओढाताण. ९,७५० मेगाहर्ट्झवर ते २० हर्ट्झ. बिचारा ओसीएक्सओ स्वतः शांत होता, त्याला पल्सच्या गोंधळामागे पळवलं जात होतं. टाइम कॉन्स्टंट ५०० सेकंदांवर नेला तेव्हा तीच ओढाताण ०.४ हर्ट्झवर आली, आणि टोन सरळ झाला.

आणखी वाढवावा का? ओसीएक्सओची खोली किती शांत आहे यावर ते ठरतं. दुरुस्तीच्या व्होल्टेजची नोंद ठेवायला लावली तेव्हा तिच्यात पायऱ्या दिसल्या: अँप्लिफायरचा पंखा सुरू झाला की एक, बंद झाला की एक. ओसीएक्सओ पंख्याच्या झोतात बसवलेला होता. आत भट्टी आहे म्हणून बाहेरच्या वाऱ्याचं काही वाटत नाही, असं समजण्याची चूक फार होते. जागा बदलली, वरून एक झाकण घातलं, पायऱ्या गेल्या. ५०० सेकंदांवरच थांबलो. तापमानाच्या सावकाश बदलाला तेवढा वेळ पुरेसा आखूड आहे आणि पल्सच्या गोंधळाला पुरेसा लांब.

१९९८ मध्ये क्यूएसटी मासिकात हौशींसाठी जीपीएसडीओची रचना छापून आली, तेव्हा परिस्थिती याहून बरीच कठीण होती. त्या काळी नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळली जायची आणि पीपीएसचा गोंधळ आजच्या कित्येक पट असायचा. मे २००० मध्ये ती मिसळ बंद झाली. त्याआधी टाइम कॉन्स्टंट खूप लांब ठेवावा लागे, आणि तो पेलणारा ओसीएक्सओही तसाच भक्कम लागे. आज एका छोट्या मॉड्यूलवर आपण जे करतो, त्यामागे तो निर्णय आहे.

एक बारीक दोष मात्र ५०० सेकंदांनंतरही उरला होता. कधीकधी काही मिनिटं व्होल्टेज एका बाजूला ढळायचं आणि मग परत यायचं. पीपीएसची कडसुद्धा त्याच २०.८३ नॅनोसेकंदांच्या टिकांवर पडते. एरवी तिची चूक दर सेकंदाला वेगळी असते, करवतीच्या दातांसारखी वरखाली होते, आणि सरासरीत विरते. पण आतल्या घड्याळाची चूक योगायोगाने सेकंदाला पूर्ण टिकांइतकी आली, तर चूक बदलायचीच थांबते. मिनिटन्‌मिनिटं कड एकाच बाजूला राहते आणि लूपला वाटतं ओसीएक्सओच सरकला. जाणकार याला हँगिंग ब्रिज म्हणतात. टायमिंगसाठी बनवलेले रिसीव्हर प्रत्येक पल्सबरोबर ती पल्स किती नॅनोसेकंद पुढे-मागे आहे हे संदेशातून सांगतात. तेवढं वजा केलं की दोष जातो. मॉड्यूल बदलून तसा घेतला. त्याचा दुसरा फायदाही मिळाला. अशा रिसीव्हरला आपली जागा एकदा पक्की ठरवून दिली की तो जागा शोधत बसत नाही, सगळे उपग्रह फक्त वेळेसाठी वापरतो. अँटेनाच्या केबलची लांबी किती, याची चिंता इथे करू नये. तिचा उशीर स्थिर असतो आणि फ्रिक्वेन्सीत तो दिसत नाही.

मिलिव्होल्टचे प्रश्न

या ओसीएक्सओच्या नियंत्रण पिनवर ० ते ४ व्होल्टमध्ये फ्रिक्वेन्सी एकूण दशलक्षात एक भाग हलायची. म्हणजे एक मिलिव्होल्टला ९,७५० मेगाहर्ट्झवर २.४ हर्ट्झ. या एका आकड्याने पुढची बरीच उत्तरं दिली.

मायक्रोकंट्रोलरच्या ८ बिट पीडब्ल्यूएमने, म्हणजे पल्सची रुंदी बदलून, व्होल्टेज बनवलं होतं. २५६ पायऱ्या, प्रत्येक पायरी ३८ हर्ट्झची. लूप दोन पायऱ्यांमध्ये अडकून कधी इकडे कधी तिकडे उडी मारत होता. १६ बिटांचा डीएसी (आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप) लावल्यावर पायरी ०.१५ हर्ट्झवर आली. मग ग्राउंड. भट्टीचा हीटर आणि नियंत्रण व्होल्टेज एकाच तारेने परत येत होते. त्या तारेचा रोध दहा मिलिओहम असला आणि हीटरचा प्रवाह शंभर मिलिअँपिअरने बदलला, तरी एक मिलिव्होल्ट झाला. डीएसीचं ग्राउंड थेट ओसीएक्सओच्या पायापासून घेतलं. हीटरसाठी वेगळी तार टाकली. ही कामं दिसायला क्षुल्लक आहेत, पण दहा गिगाहर्ट्झवर काम करणाऱ्याने ती पहिल्या दिवशी करावीत, नंतर शोधत बसण्यापेक्षा.

सगळ्यात फसवा दोष शेवटी सापडला. लांबलचक बोलणं झालं की त्यानंतर काही वेळ स्टेशन काही हर्ट्झ सरकलेलं दिसायचं आणि हळूहळू जागेवर यायचं. ट्रान्समिटरच्या उष्णतेवर संशय होता. नोंदींत मात्र दिसलं की पाठवणं सुरू झालं की रिसीव्हरला दिसणारे उपग्रह कमी होत जातात आणि शेवटी एकही उरत नाही. जीपीएसचा अँटेना त्याच खांबावर, डिशच्या फीडच्या (लहरी सोडणाऱ्या तोंडाच्या) समोरच्या अंगाला होता. २.४ गिगाहर्ट्झची शक्ती त्याच्या आतल्या अँप्लिफायरला बधिर करत होती. १,५७५.४२ मेगाहर्ट्झवरचा जीपीएस सिग्नल जमिनीवर गोंगाटाच्याही खाली पोचतो. अँप्लिफायर दबला की तो हातातून जातोच.

उपग्रह गेले तरी पीपीएस थांबली नाही, आणि लूप फसला तो इथे. कित्येक रिसीव्हर उपग्रह नसतानाही आपल्या घड्याळाच्या अंदाजाने पल्स देतच राहतात. प्रोग्रॅमला पल्स येतेय एवढंच कळत होतं, आणि तो विश्वासाने ओसीएक्सओला तिच्यामागे ओढत होता. अँटेना डिशच्या मागे, मोकळं आकाश दिसेल अशा जागी हलवला. प्रोग्रॅममध्ये अट घातली: रिसीव्हरने पल्स वैध असल्याचं सांगितलं तरच ती मोजायची, नाहीतर नियंत्रण व्होल्टेज आहे तिथे गोठवायचं. चांगला ओसीएक्सओ असा सोडला तर दिवसभरात अब्जात एखादा भाग सरकतो, म्हणजे ९,७५० मेगाहर्ट्झवर दहाएक हर्ट्झ. तासाभराच्या अडथळ्याची मग काळजी राहत नाही. दोन्ही बदलांपैकी एकच करायचा असता तर मी प्रोग्रॅममधली अट निवडली असती, कारण उपग्रह हरवण्याची कारणं पुढेही येतच राहणार.

पडताळणी कशाशी करायची

संदर्भच मोजायचा तर त्याहून चांगला संदर्भ हवा. लघुलहरींवर १० मेगाहर्ट्झला येणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूव्हीसारख्या प्रमाण स्टेशनांवर हौशींनी पिढ्यान्‌पिढ्या आपले रिग जुळवले. त्यांचा सिग्नल निघतो तेव्हा निर्दोष असतो, पण आयनोस्फिअरमधून येताना तो कोटीत एखादा भाग सहज हलतो. ९,७५० मेगाहर्ट्झवर तो जवळपास एक किलोहर्ट्झ झाला. इथे त्याचा उपयोग नाही.

क्यूओ-१०० चा बीकनही हर्ट्झपर्यंतच्या तपासाला घेऊ नये. भूस्थिर उपग्रह पूर्ण स्थिर नसतो, आणि आपल्या दिशेने सेकंदाला एक मीटर वेग असला तरी १०,४८९.७५० मेगाहर्ट्झवर ३५ हर्ट्झचा डॉपलर, म्हणजे वेगामुळे होणारा फ्रिक्वेन्सीचा सरक, होतो. शिवाय उपग्रहाचा स्वतःचा ऑसिलेटर आहेच. बीकन बारीक रेघेसारखा दिसतोय का, हे त्यावर पाहावं. तो नेमका कितीवर आहे, यावरून जीपीएसडीओला दोष देऊ नये.

ऑपरेटरकडे दूरसंचार टॉवरवरून निघालेला एक जुना जीपीएसडीओ पडून होता. सुमारे वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवतो म्हणून तो नादुरुस्त समजून बाजूला ठेवलेला. तो नादुरुस्त नव्हता. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्याचा क्रमांक १० बिटांचा असतो. १,०२४ आठवडे झाले की तो शून्यावर येतो, आणि जुनं सॉफ्टवेअर १९ वर्षं ७ महिने मागे जातं. तारीख चुकते, सेकंदाची लांबी चुकत नाही. फ्रिक्वेन्सीला तारखेशी देणंघेणं नाही. असे कित्येक उत्तम संच तारखेपायी अडगळीत जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तो गरम होऊन लॉक झाल्यावर दोघांचे १० मेगाहर्ट्झ स्कोपच्या दोन चॅनेलवर घेतले. एकावर ट्रिगर, दुसऱ्याकडे नजर. फरक अब्जात एक भाग असेल तर लाट सेकंदाला एक नॅनोसेकंद सरकते आणि शंभर सेकंदांत पूर्ण एक आवर्तन ओलांडते. अब्जांशाच्या दहाव्या भागाला हजार सेकंद लागतात. इथे लाट काही नॅनोसेकंद डुलत जागच्या जागी राहिली. दोन्ही संच त्याच उपग्रहांवर चालतात, त्यामुळे या जुळण्यावरून जीपीएसबद्दल काही सिद्ध होत नाही. पण दोघांचे ओसीएक्सओ, लूप आणि प्रोग्रॅम वेगळे आहेत, म्हणून नव्या पेटीबद्दल मात्र खात्री मिळते. जीपीएसवर शंका घेण्याचं कारण मला दिसत नाही. उपग्रहांवरची घड्याळं सापेक्षतेमुळे जमिनीवरून दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळताना दिसतात, म्हणून १०.२३ मेगाहर्ट्झचा त्यांचा मूळ ठोका पाठवण्याआधीच तेवढा कमी ठेवलेला असतो. ती काळजी घेतली नसती तर ९,७५० मेगाहर्ट्झवर चार हर्ट्झची चूक आली असती. या स्टेशनच्या डायलवर ते चार हर्ट्झ आज सहज दिसले असते, ही गोष्ट मला विलक्षण वाटते.

आजची स्थिती

बीकन दोन्ही वेळेला, उन्हात आणि रात्री, बारीक आणि रेखीव दिसतो. मोर्सचा टोन स्वच्छ आहे, अरुंद डिजिटल मोड डीकोड होतात. पलीकडच्या ऑपरेटरना आता आवाजाबद्दल काही सांगावं लागत नाही.

एक काम बाकी आहे. १० मेगाहर्ट्झ ९७५ पट वर जाताना फेज नॉइज (सिग्नलच्या अगदी जवळचा, ऑसिलेटरच्या थरथरीचा गोंगाट) जवळपास ६० डेसिबेलने वाढतो, आणि ही वाढ कुठलीही लूप रोखू शकत नाही. ओसीएक्सओ ते पेलतो. मधली क्लॉक चिप तितकी शांत नाही. तिला अपूर्णांकाऐवजी पूर्णांक गुणकांवर आणलं, १० चे ८०० आणि ८०० भागिले ३२ असे २५ मेगाहर्ट्झ, तेव्हा जवळचे उपसिग्नल गेले, पण बीकनच्या तळाशी गोंगाटाचा हलका उंचवटा अजून दिसतो. क्यूओ-१०० वर तो आड येत नाही. १०,३६८ मेगाहर्ट्झच्या ट्रान्सव्हर्टरला (सिग्नल त्या पट्ट्यात नेणाऱ्या आणि तिथून आणणाऱ्या संचाला) १०,२२४ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर लागतो, आणि तिथे शेजारच्या जोरदार स्टेशनजवळ क्षीण सिग्नल ऐकायचा असेल तर हाच उंचवटा आड येईल. त्यासाठी चिपच्या जागी १० मेगाहर्ट्झला लॉक केलेला १०० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर बसवायचं ठरलं आहे. त्याच्या लूपची रुंदी किती ठेवायची, यावर सध्या आमचं मोजमाप चालू आहे.